मुलांस मुखचर्येची भाषा शिकविणे

(अभ्यासासाठी वाचन : उत्पत्ती, अध्याय ४०; १ शमुवेल, अध्याय १; लूक, अध्याय ७, वचने ३६ ते ५०.)

योसेफ बंदिशाळेत असता एके दिवशी सकाळी फारोचा प्यालेबरदार व आचारी यांच्याकडे गेला, तेव्हा त्यांची तोंडे उतरलेली त्याच्या दृष्टीस पडली. आज तुम्ही खिन्न का, असे त्याने त्यांस विचारिले. ही कथा आपल्या मंडळ्यांतून कितीदा तरी सांगितली जाते. परंतु सांगणारे बहुधा स्वप्नांकडे धाव घेतात आणि हा प्रश्न मागे राहून जातो. वास्तविक पुढचे सर्व काही या प्रश्नापासून निघाले आहे. योसेफाने त्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलेच नसते, तर स्वप्ने सांगितली गेली नसती, दोन वर्षांनी प्यालेबरदारास त्याची आठवण झाली नसती, आणि मिसरातील कोठारे भरली नसती. तो स्वतः निरपराध असून कैदेत पडलेला होता. स्वतःच्या दुःखात बुडून जाण्यास त्याला पुरेसे कारण होते. तरी दुसऱ्याच्या मुद्रेवरचा फरक त्याच्या ध्यानात आला.

ही दृष्टी मुलांस कशी येते, आणि ती येण्यास आईबापांनी व शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी काय करावे, याविषयी आज थोडे लिहावे असे आम्ही योजिले आहे. वाचणे, लिहिणे व हिशेब ही शाळेत शिकविली जातात. बोलणे मूल घरी शिकते. परंतु बोलण्यावाचून जे बोलणे चालते, म्हणजे डोळे, भुवया, हात, मान, जवळ उभे राहणे किंवा दूर सरणे, आवाजाचा चढउतार, ते कोणी शिकवीत नाही. आणि तरीही मूल ते शिकते. कोणापासून शिकते, हाच खरा प्रश्न आहे. प्रथम आमच्याकडून घडलेली एक चूक सांगतो, म्हणजे हा विषय आम्हांस एवढा महत्त्वाचा का वाटतो हे वाचकांस कळेल.

शहापूर तालुक्यात किन्हवलीच्या बाजूस एका वस्तीत आम्ही काही काळ दर रविवारी उपासनेस जात असू. एके दिवशी अर्पणाच्या डब्यातील पैसे कमी भरले. डबा मुले बसतात त्या बाजूस ठेवलेला होता. आम्ही मुलांस ओळीने उभे केले आणि एकेकास विचारिले. बहुतेकांनी आमच्याकडे पाहून स्पष्ट नाही म्हटले. शेवटी एक कातकऱ्याचा मुलगा होता, सुमारे नऊ वर्षांचा, त्या पावसाळ्यातच येऊ लागलेला. त्याने आमच्याकडे पाहिले नाही. खाली मान घातली, पायाच्या अंगठ्याने जमीन उकरीत राहिला, आणि आम्ही दुसऱ्यांदा विचारिले तेव्हा किंचित हसला. ते हसणे पाहून आमची खात्रीच झाली. आम्ही त्यास चोर म्हटले नाही, हे खरे. परंतु आमच्या तोंडावर जे उमटले ते त्याने वाचिले, आणि इतर मुलांनीही वाचिले. पुढले तीन रविवार तो आला नाही.

चौथ्या रविवारी एका पंचाने आपल्या गीतपुस्तकाच्या वेष्टनातून त्या नोटा काढून आमच्या हाती दिल्या. मोड देण्यासाठी त्यांनीच त्या डब्यातून घेऊन तेथे ठेविल्या होत्या, व विसरले होते. आम्ही त्याच दिवशी दुपारी त्या मुलाच्या झोपडीवर गेलो. बाप दाराशी उभा होता. आम्ही बोलू लागलो, तेव्हा त्यानेही मान खाली घातली, पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला, आणि आम्ही क्षमा मागितली तेव्हा तसाच किंचित हसला. तोच चेहरा, तोच अंगठा, तेच हसणे. आम्ही जी चोरीची कबुली समजलो होतो, ती त्या घराची रीत होती.

ती रीत कोठून आली हे समजण्यास फार विद्वत्ता नको. कात काढण्याच्या धंद्यावरून ज्यांस नाव मिळाले, त्या लोकांच्या हातचे रान कायद्यांनी गेले. आता त्यांतील पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. घेतलेली उचल फिटेपर्यंत मालकाचा शब्द तोच कायदा. मुकादमापुढे, सावकारापुढे, रानाच्या शिपायापुढे डोळ्यास डोळा देऊन उभा राहणारा मनुष्य उद्धट ठरतो व मार खातो. म्हणून बाप लेकरास शिकवितो की मोठ्या माणसाने आवाज चढविला म्हणजे खाली पाहावे, हसावे, उत्तर देऊ नये. तोंडाने तो हे कधी सांगत नसेल. आपण कसा उभा राहतो ते लेकरास दिसते, एवढे पुरे. आणि मग ते लेकरू आमच्यापुढे येऊन तसेच उभे राहते, आणि आम्ही सेमिनरीत शिकलेले लोक त्याचा अर्थ उलटा लावितो!

येथे १ शमुवेलाचा पहिला अध्याय पाहावा. हन्ना मंदिरात प्रार्थना करीत होती. तिचे ओठ हालत होते, परंतु आवाज ऐकू येत नव्हता. एली याजक दाराजवळ आपल्या आसनावर बसून तिच्या तोंडाकडे पाहत होता. त्याने पाहिले नाही असे नव्हे. त्याने पाहिले, आणि ही स्त्री प्यालेली आहे असा निर्णय केला. ओठ हालणे एवढीच खूण त्याच्याजवळ होती. बाकीचे त्याने आपल्या मनातून भरले. आजच्या धड्यात आम्ही दोघांस शेजारी शेजारी ठेवीत आहोत. योसेफाने मुद्रा पाहून प्रश्न केला. एलीने मुद्रा पाहून निकाल दिला. मुलांस मुखचर्या वाचावयास शिकवावयाची ती योसेफाच्या रीतीने, एवढेच आमचे म्हणणे आहे. तथापि एलीविषयी एक गोष्ट त्याच्या बाजूची सांगितली पाहिजे. हन्नेने आपले दुःख सांगताच त्याने ऐकिले, आपला शब्द फिरविला व तिला शांतीने जा म्हणून आशीर्वाद दिला. वृद्ध याजकाने एका दुःखी बाईपुढे आपली चूक सोडून देणे ही लहान गोष्ट नव्हे. आम्हांस झोपडीपर्यंत चालत जाण्यास तीन आठवडे लागले.

विलायती पुस्तकांतून हल्ली मुलांस शिकविण्याच्या ज्या रीती येतात, त्यांत बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे पाहावे हा नियम पहिला असतो. आमच्या काही आश्रमशाळांतून व शहरातील शाळांतूनही आता हाच नियम लावितात. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु मुरबाडच्या कुणब्याच्या घरात सून सासऱ्याच्या डोळ्यांकडे टक लावून बोलत नाही, आणि ठाकराचे पोर गुरुजींपुढे खाली पाहते ते लाजेने किंवा मानाने. पॉल एकमन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९६७ साली न्यू गिनी बेटातील फोरे लोकांकडे गेले. बाहेरच्या जगाशी त्या लोकांचा संबंध फारच थोडा होता. तरी आनंद, दुःख, क्रोध, किळस अशा मूळ भावनांची चित्रे त्यांस पुष्कळ अंशी ओळखता आली. यावरून चेहऱ्याची मुळाक्षरे सर्व मनुष्यजातीत बरीचशी एक आहेत असे त्यांनी मांडिले. याविषयी विद्वानांत अद्याप वाद आहे. पण ती मुळाक्षरे कोणापुढे उघडावी व कोणापुढे झाकावी हे प्रत्येक समाज आपापल्या रीतीने ठरवितो, यात वाद नाही. तेव्हा मुलास एकच रीत बरोबर व दुसरी चूक असे शिकवू नये. आजीपुढे खाली पाहणे हे मानाचे, आणि तहसील कचेरीत दाखला मागताना वर पाहून स्पष्ट बोलणे हेही मानाचेच, असे दोन्ही शिकवावे. खेड्यातले मूल दोन भाषा बोलावयास शिकते, घरी कातकरी व शाळेत मराठी. तसे हेही त्यास शिकता येते. मात्र एक शिकविण्यासाठी दुसरीची थट्टा करू नये.

आता मूल हे शिकते केव्हा? फार लवकर. १९७० नंतरच्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन शास्त्रज्ञाने काही महिन्यांच्या तान्ह्या मुलांवर एक साधा प्रयोग केला. आई प्रथम बाळाशी हसते, बोलते. मग थोडा वेळ, दोन-तीन मिनिटे, त्याच्याकडे पाहते परंतु तोंडावरची रेषा हालू देत नाही. बाळ आधी हसून पाहते, हात पुढे करिते, आवाज काढिते, जणू आईस परत बोलाविते. तिचे तोंड तसेच राहिले म्हणजे ते तोंड फिरविते, चिडते, शेवटी रडू लागते. बाळास शब्द एकही येत नसतो. परंतु आईच्या मुद्रेत आपल्याला उत्तर नाही हे त्यास बिनचूक कळते.

हे वाचल्यावर आम्हांस आमच्या वस्त्यांतील ओटे आठवले. पूर्वी संध्याकाळी आई मुलास मांडीवर घेऊन निवडणे-टिपणे करी, आणि शेजारणीशी बोलता बोलता मुलाशीही डोळ्यांनी बोलत असे. आता आसनगावापासून डोळखांबपर्यंत, आणि सरळगावापासून टोकावड्यापर्यंत घरोघर मोबाईल आला आहे. आम्ही त्याची निंदा करीत नाही; भट्टीवर गेलेल्या बापाचा आवाज मुलास त्यावरूनच ऐकू येतो, आणि आमची प्रार्थनेची वेळही आम्ही त्यावरूनच कळवितो. परंतु त्यावर खिळलेले आईचे तोंड बाळास ट्रॉनिकच्या प्रयोगातील तोंडासारखेच दिसत असेल, असे आम्हांस वाटते. मोठ्या मुलांविषयीही एक पाहणी आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातील एका अभ्यासात शाळेच्या सहाव्या इयत्तेतील ५१ मुलांस पाच दिवस रानातील शिबिरात, मोबाईल व दूरदर्शन यांवाचून ठेविले. परत आल्यावर चेहऱ्यावरून भावना ओळखण्यात ती मुले, नेहमीप्रमाणे घरी राहिलेल्या ५४ मुलांपेक्षा अधिक सुधारलेली दिसली. पाचच दिवस! आणि आपल्या मुलांस तर माहुलीचे रान व काळू नदीचा काठ फुकट मिळालेला आहे.

परंतु चेहरा वाचता येणे एवढ्याने भागत नाही. कारण शब्दावाचून प्रेम सांगता येते, तसा अपमानही करिता येतो. आणि या देशात तो शतकानुशतके बहुतेक शब्दावाचूनच झाला. पाणी वरून ओतणे, पेला निराळा ठेवणे, पैसे हातात न देता भुईवर टाकणे, सावली चुकवून चालणे, यांत बोलावयाचे काय आहे? आमच्या वाडवडिलांनी हे सर्व सोसले. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली डॉ. आंबेडकरांच्या मागून हजारो लोक गेले, ते काही तहान लागली म्हणून नव्हे. ओंजळभर पाणी सर्वांच्या देखत पिणे हेच त्यांचे बोलणे होते, आणि ते सर्व देशास ऐकू गेले.

लूकाच्या सातव्या अध्यायातील शिमोन परूशी याने प्रभूस जेवावयास बोलाविले, आणि त्याच्या तोंडून एकही वाईट शब्द निघाला नाही. परंतु त्याने पाय धुण्यास पाणी दिले नाही, चुंबन घेऊन स्वागत केले नाही, डोक्यास तेल लाविले नाही. पाहुण्याने हे सर्व पाहिले होते, व योग्य वेळी एक एक करून बोलून दाखविले. जे न केल्याने अपमान होतो ते मुलांस या अध्यायावरून फार चांगले शिकविता येते, कारण मुले यजमानपण खेळण्यात तरबेज असतात. आम्ही एका वर्गात हा प्रसंग दोनदा करून दाखवावयास सांगितला : एकदा शिमोनाच्या घरी झाला तसा, व एकदा व्हावयास हवा होता तसा. दुसऱ्या वेळी पाणी देणाऱ्या मुलीने तांब्या दोन्ही हातांनी दिला. आम्ही तसे सांगितले नव्हते.

याच ठिकाणी आमच्या मंडळ्यांविषयी एक कडू गोष्ट लिहिणे भाग आहे. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात श्रीमंतास चांगली जागा व गरिबास पायाशी जागा देणाऱ्यांची जी कानउघाडणी आहे, ती आम्ही पुष्कळदा वाचितो. आणि तरी नव्याने आलेली कातकरी कुटुंबे आमच्या कित्येक प्रार्थनाघरांत कोठे बसतात? दाराजवळ, चपलांच्या शेजारी. त्यांस तेथे बसा असे कोणी म्हणत नाही. त्यांस पुढे या असेही कोणी म्हणत नाही. पुढच्या चटईवर बसलेली जुन्या कुटुंबांतील माणसे किंचित पसरून बसतात, आणि एवढ्यानेच जागा नाही हे कळते. मुले हे पाहतात. रविवारच्या धड्यात देवापुढे सर्व सारखे हे वचन त्यांस पाठ करविले, तरी चटई त्यांस जे शिकविते ते अधिक खोल जाते. म्हणून उपदेशकबंधूंस आमची विनंती आहे की मुलांस या विषयाचा धडा देण्यापूर्वी एक रविवार आपण नुसते मागे बसून पाहावे : कोण कोणाशेजारी बसतो, कोणाच्या हातचे पाणी कोण घेतो, कोणाचे मूल कोण उचलून घेतो.

या कामात आपल्याच जिल्ह्यात पूर्वी जे झाले त्याची आठवण ठेवावी. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले व अनुताई वाघ त्यांच्यासह काम करू लागल्या. बोर्डी त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. बालवाडी मांडली, तरी हरिजनवाड्यातील मुले तेथे येईनात. कोणी दार लावून घेतले नव्हते. परंतु गावातील चांगल्या घराकडे जाण्याचे धैर्य त्या मुलांच्या पायांत नव्हते, असे आम्ही समजतो. तेव्हा ताराबाईंनी मुलांस बोलाविणे सोडले व शाळाच त्यांच्या आंगणात नेली. आंगणवाडी हे नाव तेथून आले, आणि १९७५ पासून सरकारी योजनेमुळे ते सर्व देशात पसरले. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली लोकांत गेले. तेथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरू लागली. मुलाने आपल्याकडे यावे अशी वाट न पाहता आपणच त्याच्या अंगणात खाली बसणे, हे त्या बायांनी शब्दावाचून केलेले पहिले बोलणे होते, व मुलांस ते तत्काळ समजले. ताराबाईंस १९६२ साली पद्मभूषण व अनुताईंस १९८५ साली पद्मश्री मिळाली. परंतु आम्हांस त्या पदव्यांपेक्षा ते आंगण अधिक आठवते.

ताराबाईंनी ज्यांच्या पद्धतीचा आधार घेतला त्या माँटेसरीबाई १९३९ साली हिंदुस्थानात आल्या व महायुद्धाची वर्षे येथेच राहिल्या. त्यांच्या पद्धतीत शांततेचा एक खेळ आहे. तो कोणत्याही झाडाखाली खेळता येतो, आणि त्यास एक पैसाही लागत नाही. मुले निश्चल बसतात. श्वास, पाखरे, दूरचा बैल, सर्व ऐकू येऊ लागते. मग शिक्षक मागे जाऊन, मुलांच्या दृष्टीआड उभा राहून, एकेकाचे नाव अगदी हलक्या आवाजात उच्चारितो. ज्याचे नाव ऐकू येईल त्याने आवाज न करिता उठून त्याच्याकडे जावयाचे. आम्ही हा खेळ मुरबाड तालुक्यातील एका वस्तीत खेळलो. सर्वांत दांडगे जे पोर, ते आपले नाव येण्याची वाट पाहत पाऊण तास हालले नाही. आपले नाव कोणी हळू उच्चारावे ही त्याला फार मोठी नवलाई होती. त्याचे नाव नेहमी ओरडूनच घेतले जात असे. एक सावधगिरी मात्र ठेवावी : एकाही मुलाचे नाव राहू देऊ नये. शेवटच्या मुलाचे तोंड पाहाल तर हे सांगणे नलगे.

जुन्या खेळांतही हे शिक्षण आहे. आट्यापाट्यांत पाटी धरणारा डावीकडे झुकतो की उजवीकडे, हे त्याच्या खांद्यावरून ओळखिले नाही तर गडी बाद होतो. लगोरी रचताना सोबत्याच्या नजरेवरून केव्हा धावावे हे कळावे लागते. तारपा वाजविणाऱ्या वारल्याभोवती फेर धरून नाचणारे स्त्रीपुरुष त्याच्याकडे पाठ करीत नाहीत. सूर पालटला की सर्वांची पावले एकदम पालटतात, आणि कोणी तोंडाने हुकूम देत नाही. ख्रिस्ती मनुष्याने त्या फेरात शिरावे की नाही हा वाद आमच्या मंडळ्यांत जुना आहे, व येथे तो उकरून काढण्याची आमची इच्छा नाही. परंतु ज्या समाजातील मुले एवढे बारीक ऐकणे व पाहणे उपजत घेऊन येतात, त्यांस मंद म्हणणाऱ्या शिक्षकाने एकदा तो फेर दुरून तरी पाहावा.

शास्त्रातील कथा मुक्याने करून दाखविणे हाही उत्तम अभ्यास आहे. जखऱ्या मंदिरातून बाहेर येतो, वाचा गेलेली आहे, लोक वाट पाहत आहेत : हे एका मुलाने करावे व बाकीच्यांनी तो काय सांगू पाहतो ते ओळखावे. धाकटा पुत्र परत येतो, बाप धावतो, थोरला अंगणात अडून उभा राहतो. थोरल्याचे उभे राहणे मुले फार छान करितात. त्यांतील प्रत्येक जण घरी तसा कधीतरी उभा राहिलेला असतो. मग विचारावे : तुला हे तोंड पाहून काय वाटले? तू जवळ असतास तर काय केले असतेस? भावनांची नावे मुलांस देत जावीत. आपल्या भाषेत रुसणे, हिरमुसणे, ओशाळणे, बावरणे, खट्टू होणे असे किती तरी नेमके शब्द आहेत, आणि आम्ही मात्र सर्वांस मिळून एकच शब्द वापरितो : नाटक करू नको. रुसलेल्या व भ्यालेल्या मुलातील भेद ज्याला नावाने ठाऊक आहे, त्याला तो चेहऱ्यावरही लवकर दिसतो. खेळ चाललेला असता नव्या मुलाने एकदम मध्ये घुसू नये. काठाशी उभे राहून पाहावे, हसावे, बाहेर गेलेला चेंडू आणून द्यावा, आणि मग विचारावे. हे शिकविल्याने किती तरी मारामाऱ्या टळतात. आणि आत खेळणाऱ्यांस शिकवावे की काठाशी उभा असलेला मुलगा आपल्याकडे का पाहत आहे.

तथापि काही मुलांस हे शिकवूनही येत नाही, किंवा फार उशिरा येते. कोणास ऐकू कमी येते. कोणी स्वमग्न असते. त्यास इतरांची मुद्रा परक्या लिपीसारखी वाटते, व डोळ्यांकडे पाहावयास लाविले तर पीडा होते. अशा मुलास हट्टी, वेडे, भुताने धरलेले म्हणून मारणे, भगताकडे नेणे, किंवा, आम्हांस लिहिण्यास लाज वाटते, प्रार्थनेच्या नावाखाली चारचौघांत उभे करणे, हे सर्व पाप आहे. २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट उल्लेख आहे. २०१३ साली पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके आंगणवाड्यांत व शाळांत मुले तपासावयास येतात. हाक मारिल्यावर न वळणारे, बोटाने काही दाखवीत नसलेले, आईच्या हसण्यास न हसणारे मूल असेल तर आंगणवाडीताईंस सांगावे व पथकास दाखवावे. प्रभूने बहिऱ्या तोतऱ्या मनुष्यास गर्दीतून एकीकडे नेले व त्याच्या कानांस व जिभेस स्पर्श केला, हे मार्काच्या सातव्या अध्यायात आहे. ज्याला शब्द ऐकू येत नव्हते, त्याच्याशी प्रभू त्याला कळेल त्या खुणांनी बोलला.

आणखी एक गोष्ट थोडक्यात, परंतु ती टाळण्यासारखी नाही. सर्व हसणारी तोंडे चांगली नसतात. वडील माणूस जवळ ओढीत असता मुलाचे अंग आखडत असेल, तर ते अंग काही सांगत आहे. मामा आहेत, पाया पड, जवळ जा, असे म्हणून ते बोलणे दाबू नये. मूल नको म्हणून मान हालविते तेव्हा त्याचे नको घरात तरी मानले गेले पाहिजे. नाही तर बाहेर ते नको म्हणावयाचे विसरून जाते. २०१२ च्या कायद्याने बालकांवरील लैंगिक अत्याचार हा गंभीर गुन्हा ठरविला आहे व तो जाणून लपविणाऱ्यासही शिक्षा आहे. मंडळीची अब्रू म्हणून अशी गोष्ट पंचांत मिटविणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

त्या मुलाविषयी लिहावयाचे राहिले. झोपडीच्या दाराशी आम्ही क्षमा मागितली तेव्हा तो बापाच्या मागे उभा होता. आम्ही खाली बसलो, कारण उभे राहून बोलणे आता आम्हांस जड वाटू लागले होते. मग बापही बसला. बोलणे फारसे झाले नाही; त्यांनी पाणी आणिले, आम्ही प्यालो. पुढल्या रविवारी मुलगा आला, आणि दारातच बसला. दिवाळीनंतर ते सर्व भट्टीवर गेले.

जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर एका रविवारी गीत चालू असता दारात सावली पडली. तो थोडा उंच झाला होता, व त्याच्या कडेवर धाकटी बहीण होती. त्याने खाली पाहिले, मग वर आमच्याकडे पाहिले, मग पुन्हा खाली. पुढच्या चटईवर बसलेल्या पंचांच्या नातीने आमच्याकडे न पाहता, कोणाचेही काही न ऐकता, आपले पाय जवळ घेतले आणि शेजारची जागा हाताने झाडली. तो आत आला.